स्पिनची परवानगी कोणत्या विमानाला, आणि सुटका कशी?

हलक्या, एका इंजिनाच्या विमानांविषयी आलेल्या पत्रांपैकी स्पिनबद्दलची पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. स्पिन म्हणजे पंखांची उचल ढासळल्यावर विमानाचे गोल गोल फिरत खाली येणे. वैमानिक होण्यासाठी गोव्यातून बेळगाव, बारामती, धुळे अशा ठिकाणी शिकायला जाणाऱ्या मुलामुलींची आणि त्यांच्या पालकांची पत्रे त्यांत अधिक आहेत. जागेअभावी काही पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी बाहेरगावी शिकते आहे. तिने पाठवलेल्या सेस्ना १७२ विमानाच्या कॉकपिटच्या छायाचित्रात एक पाटी दिसते. नॉर्मल गटात स्पिनसह कोणत्याही हवाई कसरतीला परवानगी नाही, असे तिच्यावर लिहिले आहे आणि युटिलिटी गटात पुस्तिकेत दिलेल्या तेवढ्या कसरती चालतील, असेही आहे. एकच विमान दोन गटांत कसे? आणि मनाई असताना विमान स्पिनमध्ये गेलेच, तर ते बाहेर येत नाही असे समजायचे का? (एक पालक, फोंडा)

उत्तर : विमान एकच असते, त्या उड्डाणात त्यावर किती वजन आहे आणि ते कुठे ठेवले आहे, यावर त्याचा गट ठरतो. सेस्ना १७२ एस या उपप्रकारात नॉर्मल गटाची कमाल वजनमर्यादा २,५५० पौंड, म्हणजे सुमारे १,१५७ किलो आहे, तर युटिलिटी गटाची २,२०० पौंड, म्हणजे सुमारे ९९८ किलो आहे. युटिलिटी गटात उडताना मागचे आसन आणि सामानाचा कप्पा रिकामा ठेवावा लागतो आणि विमानाचा गुरुत्वमध्य पुढच्या बाजूच्या एका अरुंद पट्ट्यातच राहावा लागतो. गुरुत्वमध्य मागे सरकला की नाक खाली दाबण्याची एलेव्हेटरची, म्हणजे आडव्या शेपटीवरच्या हलत्या पट्टीची, ताकद कमी पडू लागते आणि स्पिन चपटा होण्याकडे, म्हणजे नाक फारसे खाली न झुकता विमान आडवेच फिरण्याकडे, कल वाढतो. चपट्या स्पिनमध्ये हवा जवळजवळ सरळ खालून येत असल्यामुळे रडरचा, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या उभ्या शेपटीवरच्या हलत्या पट्टीचा, मोठा भाग आडव्या शेपटीच्या आडोशाला जातो आणि नेमका हवा तेव्हा त्याचा उपयोग कमी होतो. मागच्या आसनावर बसलेला तिसरा विद्यार्थी विमानाचा हा स्वभाव बदलू शकतो, म्हणून तो तिथे नको.

आता मनाईच्या पाटीविषयी. काहींना वाटते की मनाई आहे म्हणजे स्पिनमध्ये गेलेले विमान परत येणारच नाही, आणि काहींना ती उत्पादकाने अंग काढून घेण्यासाठी लिहिलेली ओळ वाटते. दोन्ही समज चुकीचे आहेत. आपल्याकडच्या प्रशिक्षण संस्थांत दिसणारी बहुतेक सेस्ना आणि पायपर विमाने अमेरिकेच्या ज्या जुन्या नियमांखाली प्रमाणित झाली, त्यांत नॉर्मल गटातल्या एका इंजिनाच्या विमानाला एक फेरी किंवा तीन सेकंद, यांपैकी ज्याला अधिक वेळ लागेल तेवढा स्पिन करून दाखवावा लागे. आणि सुटकेसाठी पहिले नियंत्रण हलवल्यापासून आणखी एका फेरीच्या आत विमान स्पिनबाहेर यावे लागे. मुद्दाम केलेल्या स्पिनची मान्यता हवी असेल, तर सहा फेऱ्यांपर्यंतच्या स्पिनमधून आणखी दीड फेरीच्या आत सुटका दाखवणे आवश्यक असे. म्हणजे मनाई असलेले विमानही स्पिनमधून बाहेर काढून पाहिलेले असते. मात्र वैमानिकाच्या हातून नकळत स्पिन सुरू झाला आणि सावध व्हायला त्याला थोडा उशीर झाला, एवढीच परिस्थिती त्या चाचणीत गृहीत धरलेली असते.

हलक्या विमानाचा स्पिन स्थिर व्हायला साधारणपणे एकाहून अधिक फेऱ्या लागतात. तोवरचा काळ हा उगवत्या स्पिनचा असतो. त्यात नाक वरखाली होते, वेग बदलत राहतो आणि विमान अजून एका लयीत फिरू लागलेले नसते. नॉर्मल गटाची चाचणी या उगवत्या अवस्थेतच संपते. तिसऱ्या किंवा चौथ्या फेरीत ते विमान कसे वागेल, याविषयी प्रमाणपत्र काहीच सांगत नाही आणि तिथवर गेलेला वैमानिक, त्याची इच्छा असो वा नसो, चाचणी वैमानिकाचे काम करत असतो. माझ्या मते ‘प्रमाणित विमान’ हे दोन शब्द ऐकून निश्चिंत होणाऱ्या प्रत्येकाने हा फरक एकदा नीट समजून घ्यावा.

हे नियम ऑगस्ट २०१७ मध्ये बदलले. नव्या मांडणीत फेऱ्यांचा हिशेब कसरतीच्या विमानांपुरता उरला असून इतर एक-इंजिनी विमानांनी नकळत नियंत्रणाबाहेर जाण्याची प्रवृत्तीच दाखवू नये, अशी अपेक्षा आहे. अर्थात त्याआधी प्रमाणित झालेली विमाने जुन्याच कसोटीवर उभी आहेत, आणि आपल्या मुलीचे १७२ त्यांपैकीच आहे.

प्रश्न : स्पिनमधून सुटकेची चार पावले (थ्रॉटल मागे, एलेरॉन मध्यावर, विरुद्ध बाजूचा रडर, स्टिअरिंग पुढे) पाठ आहेत, पण त्यांचा क्रम तसाच का, हे कळत नाही. पंख खाली गेला आहे तर एलेरॉनने, म्हणजे पंखांच्या टोकांजवळच्या हलत्या पट्ट्यांनी, तो उचलायचा का नाही? (एक प्रशिक्षणार्थी, वास्को)

उत्तर : पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची सरळ रेषा आणि समोरून येणारा वारा यांच्यातील कोन, म्हणजे अँगल ऑफ अटॅक, एका मर्यादेपलीकडे गेला की हवा पंखाच्या वरच्या पृष्ठाला धरून राहत नाही आणि उचल एकदम घटते, हाच स्टॉल. हलक्या विमानांच्या पंखांत हा कोन साधारण पंधरा-सोळा अंशांच्या आसपास असतो. स्टॉलच्या क्षणी विमानाचे नाक डावीकडे किंवा उजवीकडे सरकत असेल, तर दोन पंख सारखे स्टॉल होत नाहीत. खाली जाणाऱ्या पंखाला हवा अधिक खालून लागते, त्याचा कोन वाढतो, उचल आणखी घटते आणि अवरोध वाढतो. वर जाणाऱ्या पंखाचे नेमके उलटे होते. या असमतोलातून विमान स्वतःच फिरत राहते आणि फिरण्यासाठी त्याला वैमानिकाची गरज उरत नाही.

एलेरॉनचे उत्तर यातच आहे. खाली गेलेला पंख उचलायला आपण स्टिअरिंग विरुद्ध बाजूला वळवतो, तेव्हा त्या पंखाचा एलेरॉन खाली येतो आणि आधीच मर्यादेपलीकडे असलेल्या टोकाचा कोन आणखी वाढतो. पंख उचलला जाण्याऐवजी तिथला अवरोध वाढतो आणि तो नाकाला स्पिनच्याच दिशेने ओढतो. नेहमीच्या उड्डाणात वर्षभर हाताला लागलेली सवय इथे उलट काम करते, म्हणून एलेरॉन मध्यावर हा नियम शिक्षक इतक्या वेळा घोकून घेतात.

बाकी क्रमही याच दृष्टीने पाहावा. थ्रॉटल प्रथम पूर्ण मागे, कारण इंजिनाची शक्ती अनेक विमानांत नाक वर ठेवते आणि स्पिन चपटा करते. मग फिरण्याच्या विरुद्ध बाजूचा रडर, अर्धा नव्हे, पायाला अटकाव लागेपर्यंत. दिशेविषयी शंका असल्यास टर्न कोऑर्डिनेटर या वळण दाखवणाऱ्या उपकरणातले छोटे विमान कुठे कलले आहे ते पाहावे. विमान बाजूला घसरते आहे का ते दाखवणाऱ्या, त्याच उपकरणातल्या चेंडूवर स्पिनमध्ये विसंबू नये, कारण तो उपकरण कॉकपिटमध्ये कुठे बसवले आहे त्याप्रमाणे फसवतो. रडर अटकावाला टेकल्यानंतर लगेच स्टिअरिंग जोमाने पुढे, स्टॉल मोडेल इतके. अनेक विमानांत एलेव्हेटर आधी खाली केल्यास रडरचा काही भाग आडोशाला जातो आणि फिरण्याचा वेग उलट वाढू शकतो, म्हणून रडर आधी. सेस्ना १५२ या दोन आसनी प्रशिक्षण विमानाच्या पुस्तिकेत तर गुरुत्वमध्य मागे असल्यास एलेव्हेटर पूर्ण खाली करावा लागू शकतो, असे स्पष्ट सांगितले आहे. ही नियंत्रणे फिरणे थांबेपर्यंत तशीच धरायची. फिरणे थांबताच रडर मध्यावर आणायचा, नाहीतर विरुद्ध दिशेचा स्पिन सुरू होतो. आणि मग घाई न करता सूर मारलेल्या विमानाला सरळ करायचे.

एक गोष्ट मात्र या चार पावलांत येत नाही. १७२ सारखी विमाने एकदोन फेऱ्यांनंतर बऱ्याचदा स्वतःच स्पिन सोडून वेगवान सर्पिल घसरणीत, म्हणजे स्पायरलमध्ये जातात. बाहेरचे दृश्य जवळजवळ तेच असते: खिडकीत फिरणारी शेते आणि खाली वळलेले नाक. फरक वेगदर्शकावर दिसतो. स्पिनमध्ये काटा स्टॉलच्या वेगाच्या आसपास खाली राहतो, स्पायरलमध्ये तो झपाट्याने वर चढतो. काटा चढत असेल तर स्पिनचे उपाय करू नयेत. थ्रॉटल मागे घ्यावा, आधी पंख सपाट करावेत आणि मगच हलक्या हाताने नाक वर आणावे. पंख कललेले असतानाच जोराने ओढले तर वळण आवळते आणि विमानाच्या सांगाड्यावरचा ताण वाढतो.

उंचीचा हिशेबही ध्यानात घ्यावा. १५२ ची पुस्तिका एका फेरीच्या स्पिनला आणि सुटकेला किमान १,००० फूट धरायला सांगते, म्हणजे साधारण आपल्या दूधसागर धबधब्याएवढी उंची. सहा फेऱ्यांना त्याच्या दुपटीहून थोडी जास्त लागू शकते. म्हणून सहा फेऱ्यांचा स्पिन जमिनीपासून ६,००० फुटांवर सुरू करावा आणि सुटका शक्यतो ४,००० फुटांच्या वर पूर्ण व्हावी, असे पुस्तिकेत सुचवले आहे.

आपल्या संस्थेत सेस्ना १५० किंवा १५२ असेल, तर आणखी एक चौकशी करावी. १९९८ साली कॅनडातील क्वेबेक प्रांतात लाक सॅन-फ्रान्स्वा या सरोवराजवळ एक १५२ स्पिनमधून बाहेर आले नाही आणि पाण्यात कोसळले. तपासात त्याचा रडर नेहमीच्या अटकावापलीकडे जाऊन अडकलेला आढळला. पुढे २००९ साली अमेरिकी नियामकाने या दोन्ही प्रकारांसाठी आदेश काढला: रडरच्या अटकावाचे नवे भाग बसवा, नाहीतर स्पिनला मनाई करणारी पाटी लावा. आपल्या विमानावर यांपैकी काय झाले आहे, हे देखभालीच्या नोंदवहीत दिसते. उड्डाणापूर्वी शेपटीभोवती फेरी मारताना रडर आणि एलेव्हेटर यांच्या मधल्या भागात वाकून, त्या दोन छोट्या अटकावांकडे बोट दाखवून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

प्रश्न : स्पिनमधून सर्वांत आधी कोण वाचले? (एक निवृत्त नौसैनिक, बोगमाळो)

उत्तर : नोंद झालेल्या घटनांमध्ये इंग्लंडच्या नौदलातील लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क यांचे नाव घेतले जाते. २५ ऑगस्ट १९१२ रोजी सॉल्सबरी मैदानावर त्यांचे बंदिस्त कॉकपिटचे अ‍ॅव्हरो विमान डावीकडे स्पिनमध्ये गेले. त्या काळच्या समजुतीप्रमाणे त्यांनी आधी वळणाच्याच बाजूला रडर दिला आणि काठी मागे ओढली. काही उपयोग होत नाही असे पाहून शेवटी रडर पूर्ण उजवीकडे मारला, तेव्हा विमान जमिनीपासून अगदी थोड्या उंचीवर सावरले. उतरल्यावर त्यांनी जे घडले ते क्रमवार सांगून ठेवले, आणि मला त्यांच्या वाचण्यापेक्षा हे सांगणे मोठे वाटते. पुढे १९१७ साली फार्नबरो येथे फ्रेडरिक लिंडेमान या भौतिकशास्त्रज्ञाने स्वतः विमान चालवायला शिकून, मुद्दाम स्पिन करून त्याची मोजमापे घेतली.

प्रश्न : स्पिनची चाचणी प्रत्यक्षात कशी घेतात? संगणकावर आधीच कळत नाही का? आणि स्पिनमध्ये जाणारच नाही असे विमान का बनवत नाहीत? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, म्हापसा)

उत्तर : स्टॉल झालेल्या पंखावरील हवा इतकी विस्कळीत असते की गणिताने अंदाज मिळतो, हमी मिळत नाही. अमेरिकेत नासाच्या लँगली केंद्रात वीस फूट व्यासाचा एक उभा वातबोगदा आहे. १९४१ पासून चालू असलेल्या या बोगद्यात हवा खालून वर वाहते. तंत्रज्ञ विमानाची छोटी प्रतिकृती हातानेच गिरकी देऊन आत सोडतो, ती हवेच्या झोतावर जागच्या जागी फिरत राहते आणि मग तिची नियंत्रणे दुरून हलवून ती सुटते का ते पाहिले जाते. पण प्रमाणपत्र मिळते ते खऱ्या विमानाच्या उड्डाणावर. डावा आणि उजवा स्पिन, इंजिन मंद आणि चालू, गुरुत्वमध्य पुढच्या टोकाला आणि मागच्या टोकाला, नियंत्रणे बरोबर आणि मुद्दाम चुकीची, असे सगळे मेळ घालावे लागतात. चाचणीच्या विमानाच्या शेपटीला बहुधा एक छोटी हवाई छत्री बसवलेली असते; स्पिन सुटेनासा झाला तर ती उघडून शेपटी वर ओढायची आणि नंतर तोडून द्यायची. वैमानिकाच्या पाठीवरही छत्री असते आणि कॉकपिटचे दार झटक्यात फेकता येईल असे बसवलेले असते.

हे काम किती चिवट असू शकते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचे एचजेटी-३६ हे प्रशिक्षण विमान २००३ साली प्रथम उडाले, पण स्टॉल आणि स्पिनच्या अडचणींमुळे वर्षानुवर्षे रखडले आणि दोन्ही बाजूंच्या सहा फेऱ्यांचे स्पिन त्याने २०२२ च्या जानेवारीत करून दाखवले. ते जेट आहे, पत्रातल्या विमानांच्या वर्गातले नव्हे. तरी अडचण त्याच जातीची.

स्पिनमध्ये न जाणाऱ्या विमानाची कल्पना जुनी आहे. १९४० च्या सुमारास बाजारात आलेल्या एरकूप या अमेरिकी दोन आसनी विमानाला ‘स्वभावतःच स्पिन करू न शकणारे’ अशी मान्यता होती. त्यात रडर एलेरॉनला जोडलेला होता आणि एलेव्हेटरची वरची हालचाल मर्यादित ठेवली होती, त्यामुळे पंख पूर्ण स्टॉल करण्याइतके नाक वर जातच नसे. पण वैमानिकाच्या हातातला अधिकार काढून घेतला की आडव्या वाऱ्यात उतरताना किंवा आखूड धावपट्टीवर त्याची किंमत मोजावी लागते, म्हणून ही वाट सर्वांनी धरली नाही. नासाने १९७० आणि १९८० च्या दशकांत हलक्या विमानांवर केलेल्या प्रयोगांतून दुसरा मार्ग निघाला: पंखाच्या बाहेरच्या भागाची पुढची कड किंचित खाली झुकवायची, म्हणजे आतला भाग स्टॉल झाला तरी बाहेरचा भाग आणि एलेरॉन काम करत राहतात. सिरस एसआर-२० मध्ये अशीच झुकलेली कड आहे आणि शिवाय संपूर्ण विमानाला खाली आणणारी हवाई छत्री आहे. १९९८ साली मिळालेल्या अमेरिकी मान्यतेत स्पिनमधून सुटकेच्या नेहमीच्या प्रात्यक्षिकाऐवजी हीच जोडी ग्राह्य धरली गेली. त्यामुळे सिरसच्या पुस्तिकेत स्पिनवरचा उपाय एकच आहे, छत्रीचे हँडल ताबडतोब ओढणे. १५२ वर शिकून सिरसमध्ये बसणाऱ्याने आपली चार पावले इथे आजमावत उंची घालवू नये.

प्रश्न : स्पिन इतका घातक आहे, तर प्रत्येक वैमानिकाला तो प्रत्यक्ष करून का शिकवत नाहीत? (एक शिक्षिका, डिचोली)

उत्तर : अमेरिकेत पूर्वी शिकवत असत. १९४९ साली तेथील नियामकाने खासगी वैमानिकाच्या परीक्षेतून स्पिन काढला. आज तिथे तो फक्त उड्डाण शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांना सक्तीचा आहे. सरावातच होणारे अपघात आणि स्पिनला घाबरून शिकणे सोडणारे विद्यार्थी, ही त्यामागची कारणे सांगितली जात. स्टॉल टाळायला शिकवले की स्पिन आपोआप टळतो, हा त्यामागचा विचार होता, आणि तो बराचसा बरोबर आहे.

कारण ज्या स्पिनमध्ये माणसे मरतात तो सहसा ६,००० फुटांवर होत नाही. उतरण्यासाठी विमान धावपट्टीभोवती चौकोनी फेरा घेते तेव्हा ते जमिनीपासून सुमारे १,००० फुटांवर असते आणि शेवटच्या वळणावर त्याच्या निम्म्यावर आलेले असते. त्या वळणाआधी पाठीमागून वारा असेल तर विमान अपेक्षेपेक्षा पुढे ढकलले जाते आणि वैमानिकाला दिसते की धावपट्टीची रेषा ओलांडली जाणार. इतक्या खाली जास्त कलायला मन धजत नाही, म्हणून पाय नकळत वळणाच्या बाजूचा रडर दाबतो. त्यामुळे वाढणारा कल थोपवायला हात एलेरॉन विरुद्ध बाजूला धरतो. नाक खाली घसरते म्हणून तोच हात स्टिअरिंग मागे ओढतो. चेंडू वळणाच्या बाहेरच्या बाजूला सरकलेला असतो, पण नजर धावपट्टीवर असल्यामुळे तो कोणी पाहत नाही. या स्थितीत आतला पंख स्टॉल होऊन एकदम खाली कोसळतो आणि एका फेरीला लागणारी १,००० फूट उंची तिथे नसतेच. चार पावले कितीही पाठ असली तरी ती करायला अवकाश उरत नाही.

म्हणून माझे मत असे आहे की मान्यता असलेल्या विमानात, स्पिन शिकवण्याचा सराव असलेल्या शिक्षकाबरोबर, प्रत्येक विद्यार्थ्याने स्पिनची सुरुवात आणि सुटका एकदोनदा तरी अनुभवावी, जेणेकरून प्रत्यक्ष प्रसंगी तो गोठून जाणार नाही. पण प्रशिक्षणाचे तास मोजके असतील, तर पुरेशा उंचीवर हे शेवटचे वळण मुद्दाम बिघडवून, पंख कोसळण्याआधीची थरथर आणि बाहेर सरकलेला चेंडू ओळखायला शिकण्यावर ते अधिक खर्च करावेत. आणि रेषा ओलांडली गेलीच, तर वळण आवळू नये. शक्ती वाढवून पुन्हा एक फेरा घ्यावा. धावपट्टी कुठे जात नाही.

प्रश्न : पुढच्या आठवड्यात माझ्या मुलाचे स्पिनचे उड्डाण आहे. मागच्या आसनावर फक्त एक दप्तर आणि पाण्याची बाटली ठेवली तर चालते, असे त्याचा मित्र म्हणतो. (एक पालक, मडगाव)

उत्तर : चालत नाही. युटिलिटी गटात मागचे आसन रिकामे म्हणजे रिकामेच, आणि सामानाचा कप्पाही. सुट्या वस्तू स्पिनमध्ये आणि सुटकेच्या ओढीत जागा सोडतात. पुढे घरंगळलेली बाटली रडरच्या पेडलखाली जाऊन बसू शकते. त्याने खिशातली पेन, चाव्या आणि मोबाइलही काढून ठेवावा, खांद्यावरचे पट्टे घट्ट आवळावेत आणि त्या दिवशीचे इंधन व दोघांचे खरे वजन धरून वजन आणि समतोलाचा तक्ता स्वतः भरून शिक्षकाला दाखवावा. टाक्या पूर्ण भरलेल्या असतील आणि दोघेही धिप्पाड असतील, तर १७२ त्या तक्त्यावर युटिलिटीच्या चौकटीबाहेर जाऊ शकते. तसे झाल्यास इंधन कमी घेऊन तक्ता पुन्हा भरावा आणि उरलेले इंधन उड्डाणाला पुरते का तेही तपासावे. नाहीतर त्या दिवशी स्पिन करू नये.